घरामागच्या जागेत काय लावावं, पालेभाजी की काजू?

रोहाऊस_नेरूळ
मंडळी, घरातला एक वाद सोडवा. आमच्या रो-हाऊसच्या मागे साधारण 12 बाय 20 फुटांची जागा आहे, तिथली फरशी उखडून टाकलीय. बायकोला तिथे भाजीचे वाफे हवेत, माठ, पालक, मेथी आणि नळाच्या बाजूला अळू. मला काजूचं कलम लावायचंय, वेंगुर्ला-7, गावाहून येताना आणणार. माझं म्हणणं साधं आहे, पालेभाजीची जुडी कोपऱ्यावर मिळते, काजूचा भाव बघा काय झालाय. शिवाय आमचं किचन पश्चिमेला, एप्रिल मे मध्ये ओटा नुसता तापतो, झाडाची सावली तरी होईल. बायको म्हणते तुझे काजू येईपर्यंत मी काय खिडकीतून कलमाकडे बघत बसू? बोला.

गॅलरीतली_बाग
वहिनींना माझं मत. माठ पेरला की 25-30 दिवसांत ताटात, आणि उपटण्याऐवजी वरून कापला तर परत फुटतो. कलम तिसऱ्या चौथ्या वर्षी कुठे थोडंफार धरायला लागतं. आणि कोपऱ्यावर जुडी मिळते म्हणताय, ती जुडी कुठून येते ते बघितलंय का, लोकलच्या खिडकीतून रुळालगतचे मळे आणि त्यांना दिलं जाणारं पाणी सगळ्यांनाच दिसतं. काजूला निदान टरफल असतं हो, पालकाच्या पानावर जे पडतं ते आपण खातो. म्हणजे घरी पिकवायचंच तर पालेभाजी पिकवा ना, काजू दुकानातून आणा.

मालवणी_ऐरोली
वाफे करणारे सगळे जूनमध्ये उत्साही असतात. ऑगस्टमध्ये गोगलगायींनी पानं चाळणी केली की उत्साह गेला, मग दिवाळीनंतर परत पेरणी आणि मार्चपासून रोज दोन वेळ पाणी, गावाला गेलात की आठवड्यात सगळं वाळलं. काजूला पहिली दोनेक वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला, नंतर तो तुम्हाला विचारत पण नाही. बारा महिने हिरवा, सावली घट्ट. आणि नुसत्या गराचा हिशोब का करताय? मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, ती मुंबईत कुठल्या भावाने मिळते ते एकदा विचारून या. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, मीठ लावून खा, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी व्हिटॅमिन आहे त्यात, आपल्याकडे कोकणात ढिगाने कुजून जातात ते सोडा. पक्षी येतील, पोरांना झाड म्हणजे काय ते कळेल. वाफ्यावर कोण चढतं?

सेक्रेटरी_वागळे_इस्टेट
मी ठाण्यात सोसायटीचं काम बघतो म्हणून रुक्ष बोलतो, राग मानू नका. काजूच्या कलमांत शिफारस केलेलं अंतर 7 बाय 7 मीटर असतं. म्हणजे 23 फूट. तुमची अख्खी जागा 12 बाय 20. एका बाजूला तुमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची, खालून ड्रेनेजची लाईन जात असेल तर ते वेगळंच. झाड मोठं झालं आणि शेजारी भांडायला आला तर तोडता येणार नाही, महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 चा झाडं जपण्याचा कायदा आहे, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आमच्या आवारात कोणीतरी पूर्वी देशी बदाम लावून ठेवलाय, वर्षातून दोनदा तो लालभडक पानं टाकतो, दिसतो छान, पण पन्हळी तुंबतात आणि दर मीटिंगमध्ये अर्धा तास त्याच्यावर जातो. माठाचा वाफा नको झाला तर संध्याकाळी उपटून टाकता येतो.

मालवणी_ऐरोली
@सेक्रेटरी कायदा झाडं वाचवायला आहे, लावू नका असं सांगायला नाही. सगळ्यांनी तुमच्यासारखा विचार केला असता तर राम मारुती रोडवर दुपारी चालता आलं असतं का? आणि 7 मीटर हे बागायतदाराचं अंतर, त्याला हेक्टरी 200 झाडं बसवून उत्पन्न काढायचं असतं. यांना एकच झाड लावायचंय, लहान असल्यापासून खालच्या फांद्या काढत वळण दिलं तर राहतं आटोक्यात.

येऊरच्या_पायथ्याशी
कोणी तेलाबद्दल बोलतच नाहीये. काजूच्या बीच्या टरफलात जे तेल असतं त्याने कातडी भाजते, अक्षरशः फोड येतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा लागलेला माणूस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. कारखान्यात बी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात, मग वाळवून साल काढतात. घरी तव्यावर भाजायला गेलात तर त्या धुराने डोळे आणि घसा दोन्ही जाणार, नेरूळच्या रो-हाऊसमध्ये भिंतीला भिंत, शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील. आणि बीच्या वजनाच्या साधारण 30 टक्केच गर निघतो. म्हणजे झाडाने 10 किलो बी दिली तर हातात 3 किलो, तेही सगळे अख्खे नाहीत. काजूचा भाव बघा म्हणताय ना, त्या भावात फोडणाऱ्या बायकांचे हात पण आहेत.

मालवणी_ऐरोली
अहो म्हणूनच ओले खायचे म्हटलं. आमच्याकडे हाताला राख नाहीतर तेल लावून विळीवर चिरतात, पिढ्यान् पिढ्या चाललंय.

येऊरच्या_पायथ्याशी
आणि त्या पिढ्यांच्या बोटांची सालं पण निघतात, माझं आजोळ सावंतवाडीकडचं आहे, मला नका सांगू.

पाम_बीचवाला
काजूचा एवढा त्रास तर सरळ खरा बदाम लावा, नाहीतर अक्रोड 😀

कृषी_पदवीधर_पनवेल
बदाम अक्रोडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते, इथे फळ धरणार नाही, तो विषय सोडा.

मूळ प्रश्नावर येतो. दोन्ही पार्ट्या झाडाबद्दल भांडताहेत, जमिनीबद्दल कोणी विचारलंच नाही. काजू हे डोंगरउतारावरचं पीक, जांभा दगडातही येतं, पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला अजिबात चालत नाही. जव्हारकडच्या उतारांवर होतो, सिंधुदुर्गात तर होतोच, 1990 ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून कोकणात लागवड भरपूर वाढली. पण नवी मुंबईतली कितीतरी जमीन खाडीकडेची, खाजण आणि मिठागरांची, वर भराव टाकून उंच केलेली. पावसाळ्यात दोन फुटांवर पाणी लागत असेल तर कलम वेंगुर्ल्याचं असो नाहीतर अजून कुठलं, दोन पावसाळ्यांत पिवळं पडेल. जगलंच तर डिसेंबर जानेवारीत ढगाळ हवा आली की ढेकण्या नावाचा किडा मोहोर करपवतो, आणि एका झाडासाठी तुम्ही घराला लागून फवारणी करणार का? मी तरी नाही करणार.

आता वहिनींच्या बाजूचं पण ऐका. फरशीखाली बहुतेक डेब्रिज निघेल, विटांचे तुकडे, सिमेंट, काय काय. त्यात थेट पालेभाजी पेरू नका, फूटभर उंच वाफे करून बाहेरची माती आणि शेणखत भरा. खर्च आहे त्याला, फुकट काही नाही. आणि पालक मेथी पावसाळ्यात लावायची नाही, सडते. तेव्हा मायाळू, अंबाडी, अळू. मेथी थंडीतच.

भाजीवेडी_चरई
अळूला एवढ्या उशिरा वाली मिळाला! अहो जिथे काजू मरतो तिथेच अळू माजतो, पूर्वी मोरीच्या पाण्यावरच वाढायचा की. फक्त कंद आणताना विचारून आणा, काळ्या देठाचं वडीचं वेगळं आणि फदफद्याचं वेगळं, आणि मोरीचं साबणाचं पाणी नको आता, साधं पाणी द्या. भाद्रपदात ऋषीच्या भाजीच्या वेळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर अळूच्या चार पानांना काय भाव सांगतात ते बघा आणि मग काजूच्या भावाच्या गप्पा मारा. घशाला खवखवतो खरा, पण चिंच घातली की काम झालं.
पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका टाकळा, कुर्डू घेऊन बसतात ते मात्र त्यांच्याकडूनच घ्या, सगळंच घरात पिकवायला नको.

रोहाऊस_नेरूळ
बायको शेजारी बसून वाचतेय आणि प्रत्येक रिप्लायला ‘बघ’ म्हणतेय. तेलाचं मला माहीत होतं, भरावाचं डोक्यात आलं नव्हतं. पण ओट्यावरच्या उन्हाचं काय, माठाची सावली तर पडत नाही ना.

गॅलरीतली_बाग
खिडकीसमोर मांडव करा, मायाळूचा वेल सोडा. सावली पण आणि भजी पण.

मालवणी_ऐरोली
एप्रिलमध्ये त्या मांडवावर पानं असतील का ते पण सांगा. पाणी घालून घालून थकाल. दादा, एक कलम लावून तर बघा, एका कोपऱ्यात, उंचवटा करून.

सेक्रेटरी_वागळे_इस्टेट
कोपऱ्यात म्हणजे दोन्ही भिंतींना लागून. वा.

रोहाऊस_नेरूळ
ठरलं, या रविवारी दोन फूट खड्डा खणून त्यात पाणी ओततो, सकाळपर्यंत जिरलं तर काजू, साचलं तर अळू. बायकोला मान्य आहे.

कृषी_पदवीधर_पनवेल
मे महिन्यात सगळीकडेच जिरतं हो. खड्डा जुलैत खणा.