चा-चा-चा मध्ये ‘एक’ नेमका कुठे असतो? आणि शनिवारपर्यंत हो म्हणू की नको?

सव्वासातची_लोकल
मंडळी मदत करा. यंदा एमएस्सीला अ‍ॅडमिशन घेतली आणि मित्राच्या नादाने युनिव्हर्सिटीच्या बॉलरूम अँड लॅटिन क्लबमध्ये (जोडीने करायचे पाश्चात्य नाच) नाव घातलं. मित्र दुसऱ्याच आठवड्यात गळाला, मी अडकलो. बुधवार-शनिवार साडेपाच ते साडेसात, मग कलिनाहून कुर्ल्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून लटकत डोंबिवली.

वॉल्ट्झ बऱ्यापैकी जमतो, म्हणजे कुणाच्या पायावर पाय पडत नाही इतपत. लफडं आहे ते चा-चा-चा मध्ये. सर सारखे ‘टू, थ्री, फोर-अँड-वन’ असं ओरडत असतात, आता मला सांगा शहाणा माणूस दोनापासून कशाला मोजेल? मी आपला एकावर निघतो, अख्खा हॉल उजवीकडे जात असतो तेव्हा मी पुढे. गेल्या शनिवारी समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर गुडघा आपटला, सॉरी सॉरी म्हणत मागे सरकलो तर मागच्या जोडीत घुसलो.

आता खरी पंचाईत. जानेवारीत कॉम्पिटिशन आहे, बिगिनर गटात वॉल्ट्झ आणि चा-चा. एका सेकंड इयरच्या मुलीने मला विचारलंय पार्टनर होतोस का, शनिवारपर्यंत सांग म्हणाली. ती चांगली नाचते आणि हील्स घातल्यावर माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होते. माझ्यामुळे तिची वाट लागेल असं वाटतंय. शिवाय शूजचे साडेतीन हजार सांगतायत, आणि आईला अजून वाटतंय मी लायब्ररीत असतो. काय करू?

रेवा_लीडर
आधी एक सांगते, तिने तुला विचारलंय ना? तिने तुला नाचताना बघितलंय ना, तो गुडघा सुद्धा? मग तिची वाट लागेल की नाही ते तिला ठरवू दे की.

मी पाच वर्षं नाचतेय, त्यातली तीन लीडर म्हणून, म्हणजे जोडीतली मुलाची, पुढे नेणारी बाजू, कारण आमच्या क्लबात मुली ढीगभर आणि मुलं मोजून सहा. दोन्ही बाजू केल्यात म्हणून सांगते, नवीन मुलगा बीट चुकला तर फार त्रास होत नाही, त्रास होतो तो हात आवळून धरतो त्याचा. एका मुलाबरोबर सराव करून घरी गेले तर मनगटावर त्याच्या चार बोटांचे वळ, आई म्हणाली कोणाशी भांडलीस. हाताने ढकलायचं नसतं रे. तुझं वजन आधी पूर्ण एका पायावर जाऊ दे, ते तिला हातातून आपोआप कळतं. वॉल्ट्झमध्ये उजवा पंजा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, बोटं मिटलेली, आणि कोपर खाली पाडायचं नाही, बास.

उंचीचं टेन्शन सोड. चा-चा मध्ये एवढं चिकटून नाचत नाहीत, आणि वॉल्ट्झमध्ये दोघंही आपापल्या डावीकडे बघतात, तिच्या कपाळाकडे कोण बघतंय.

आणि हो, दोन जास्तीचे शर्ट आणि नॅपकिन बॅगेत ठेव. मुंबईची हवा आहे ही, अर्ध्या तासात शर्ट पिळायला येतो. यावर कोणी बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं.

पापडीचा_बावा
अरे वा, विषय आपला निघाला. मी वसईचा, आमच्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ, मग ग्रँड मार्च, आणि एकदा जाइव्ह, म्हणजे उड्या मारत करायचा जलद नाच, सुरू झाला की सत्तर वर्षांची मावशी सुद्धा खुर्ची सोडते. मी सहावीत असताना तिच्याकडूनच शिकलो. कोणी टू थ्री फोर केलं नाही. मावशी म्हणायची बॅंडवाल्याच्या ड्रमकडे बघ, पायाकडे बघितलंस तर पाय लाजतात. माझं मत असं की तू मोजतोस म्हणून चुकतोस. आठवडाभर नुसतं ऐक, भांडी घासताना, आंघोळ करताना.

आईला खरं सांग मात्र. लायब्ररीतून रोज घाम गाळून आलेला मुलगा कोणती आई मानेल?

रेवा_लीडर
बावा, मावशींना नमस्कार, पण लग्नात जज नसतात हो :) कॉम्पिटिशनचा जाइव्ह मिनिटाला ४२-४४ बार (बार म्हणजे मोजायच्या बीट्सचा एक गट, इथे चारचा) जातो, त्यात ऐकत बसलं तर गाणं संपतं. चा-चा त्या मानाने हळू, ३०-३२ बार, पण त्यात अर्ध्या बीटची पावलं आहेत ना, मोजल्याशिवाय नवीन माणसाला नाही जमत. आणि बिगिनरला पहिलं बघतात ते हेच की तू बीटवर आहेस की नाही. बाकी कितीही छान हसलास तरी मग उपयोग नाही.

तबल्याचा_नाद
मला नाचता येत नाही हे आधीच सांगतो, लग्नात पण मी ताटाजवळ असतो. पण बायको सालसा शिकायला जायची तेव्हा मी कोपऱ्यात बसून ऐकायचो त्यातून कळलेलं सांगतो, कारण तुझा घोळ पायाचा नाही, समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा आहे.

वॉल्ट्झ तुला का जमला? कारण तो आपल्या कानात आधीच आहे. दादरा ताल म्हण, धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झचे दोन बार झाले की सहा मात्रांचं एक आवर्तन. डावा पाय पुढे पडतो तो समेवर, आणि चौथ्या मात्रेला, जिथे आपली ‘खाली’ (टाळी न देता हात उघडा दाखवायची मात्रा) येते, तिथे उजवा मागे जातो. करून बघ, चपखल बसतं.

आता चा-चा. चार मात्रा आहेत, आणि तुला वाटतंय की एकावर सुरुवात करायची. ते तसं नाहीये, एकावर मागचं वाक्य संपतं. गायक मुखडा कुठून उचलतो? समेच्या आधीपासून, आणि नेमका येऊन समेवर पडतो. ‘फोर-अँड-वन’ हा तुझा मुखडा. चार आणि ‘अँड’ या दोन अर्ध्या-अर्ध्या मात्रा, आणि ‘वन’ला पाय ठाम, पूर्ण मात्रेचा. ती सम आली की मग दोनला पुढचं नवीन सुरू. सर दोनापासून मोजतात ते यासाठी.

नावाचं पण तेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला क्युबात एन्रिके होरिन नावाच्या व्हायोलिनवाल्याने ही चाल रूढ केली, आणि नाचणाऱ्यांचे पाय फरशीवर घासले जायचे त्या आवाजावरून चा-चा-चा नाव पडलं असं सांगतात. म्हणजे तुझं अडलंय तोच त्या नाचाचा बोल आहे.

रेवा_लीडर
बाप रे. पाच वर्षांत मला हे कोणी असं सांगितलं नाही. मुखडा!!

लोकल, यात फक्त पाय भरते. गाणं सुरू झालं की घाई करू नकोस, एक बार जाऊ दे, मग ‘वन’ला उजवा पाय नुसता बाजूला टाक, वजन त्याच्यावर. ‘टू’ला डावा पुढे, ‘थ्री’ला वजन परत उजव्यावर, ‘फोर-अँड-वन’ला डावा-उजवा-डावा करत डावीकडे. मग उजवा मागे आणि तेच सगळं उजवीकडे. तू एकावर पुढे जात होतास म्हणून गुडघा लागला, ती बिचारी त्या वेळी बाजूला निघालेली असणार.

आणि साडेतीन हजार आत्ता घालवू नकोस. जुने ऑफिसचे लेसवाले बूट असतील ना, पातळ तळाचे? चांगल्या चांभाराकडून त्याला स्वेडचा (मखमलीसारख्या खरखरीत चामड्याचा) तळ चिकटवून घे. तू कुर्ल्यालाच उतरतोस, ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनवणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, स्वेडचा तुकडा पण तिथेच मिळेल. फक्त ते घालून रस्त्यावर एक पाऊल टाकायचं नाही, पिशवीतून न्यायचे. मी एकदा ऑगस्टमध्ये घालून रिक्षापर्यंत गेले, तळ पावसाने पापडासारखा झाला. गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासायचा. बुटाला रबराचा तळ असेल तर मात्र वॉल्ट्झमध्ये वळताना पाय जागीच राहतो आणि गुडघा फिरतो, ते नको.

पापडीचा_बावा
मी हरलो, तबलेवाले जिंकले. पण ड्रमकडे बघ हे माझं म्हणणं कायम आहे.

आईसाठी एक मुद्दा देतो, माझ्या पुतणीने वापरलेला आहे. १९९७ ला ऑलिंपिक समितीने डान्सस्पोर्टच्या (स्पर्धेतल्या नाचाच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेला मान्यता दिली. बॉलरूमला पदक नाही हे सांगायची घाई करू नको, २०२४ ला पॅरिसला गेलं ते ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स. पुतणीच्या आईने ‘ऑलिंपिक’ एवढंच ऐकलं.

सव्वासातची_लोकल
अपडेट. बुधवारी कुर्ल्याला फलाटावर गाडीची वाट बघत उभ्या उभ्या वजन इकडून तिकडे करत होतो, मनात मुखडा, सम, मुखडा, सम. शेजारचे काका म्हणाले बाथरूम त्या टोकाला आहे.

पण जमलं! म्हणजे दीड मिनिट जमलं, मग सर कौतुकाने बघतायत हे दिसलं आणि घसरलो. पण त्या दीड मिनिटात पहिल्यांदा असं वाटलं की ती मुलगी माझी वाट बघत नाहीये, आम्ही दोघं एकदमच पोचतोय. तिने पण काहीतरी ओळखलं, म्हणाली आज काय खाऊन आलास. मी दादरा म्हणालो, तिला कळलं नाही.

हो म्हणून टाकलं, शनिवारची वाट नाही बघितली. तिची एकच अट आहे की हात सैल ठेवायचा. रेवाताई, तुम्ही तीच नाही ना?

आईला काल सांगितलं. ऑलिंपिकचं निघालंच नाही. तिने विचारलं मुलीबरोबर नाचतोस? मी हो म्हणालो. मग म्हणाली बाबांचे लग्नातले काळे बूट माळ्यावर आहेत, मापाला येतात का बघ. येतात, जरा टोचतात. तळ चामड्याचाच आहे, पातळ. आता यावर स्वेड बसेल की आधी घासून घ्यावा लागेल?

रेवा_लीडर
मी ती नाही, मी ठाण्याची. तळ आधी सँडपेपरने खरखरीत करून घ्यायला सांग, नाहीतर सोल्यूशन धरत नाही. आणि टोचतात तिथे आत्ताच ताणून घे, जानेवारीत नको.