मदत हवी आहे: जीएसडी (ग्लायकोजेन साठवणुकीचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाच्या हिरड्या आणि दाढा

सावली_७
मुलाला जीएसडी आहे. हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त. सारखं तोंड येतं. दोन दाढा किडल्यात. कोणता माउथवॉश चालेल? लवकर सांगा, सोमवारी दाढा काढायच्यात.

उंबरठा
कुठला प्रकार? वय? नुसतं जीएसडी म्हणून काय कळणार?

रानवारा
माउथवॉश सोडा. माझ्या भाचीच्या दाढा रात्रीच्या दुधाने किडल्या. रात्री ब्रश झाला की पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, प्रश्न मिटला.

सावली_७
रात्री कच्चा कॉर्नस्टार्च द्यावाच लागतो, नाहीतर साखर उतरून फिट येते! तोच दाढांच्या खाचेत पांढरा थर होऊन बसतो. झोपेत चूळ कोण भरणार?

टाकसाळ
रानवारा, आजार माहीत नसताना कशाला सांगता? यांचं यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडू शकत नाही, स्टार्च हेच औषध.
ताई, आम्ही मुलीला उठवून बसवतो, स्टार्चनंतर दोन घोट पाणी पाजतो आणि ओल्या गॉजने दाढा पुसतो. कुरकुर करते. फ्लोराइड वार्निशही लावून घेतो. तुमचा प्रकार १अ की १ब?

सावली_७
१ब. सहा वर्षांचा. त्याने काय फरक पडतो?

टाकसाळ
सगळाच! १ब मध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, आणि आहेत तेही नीट काम करत नाहीत. हिरड्या, तोंड येणं त्यातलंच. एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल विचारलंत का? आमच्याकडे तोंड येणं जवळजवळ थांबलं.

उंबरठा
मधुमेहाची गोळी, साखर उतरणाऱ्या मुलाला? काहीही!

टाकसाळ
काहीही नाही. न्यूट्रोफिलना मारक ठरणारं १,५-एजी (रक्तातला साखरेसारखा पदार्थ) ती लघवीवाटे बाहेर काढते. २०२० मध्येच छापून आलंय. डोस अर्थात डॉक्टरच ठरवणार.

उंबरठा
सावली, भूल देऊन काढणार? उपाशी कधीपासून?

सावली_७
पूर्ण भूल. मध्यरात्रीपासून काही नाही म्हणालेत.

उंबरठा
अहो, मेटाबॉलिकच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा! स्टार्च बंद म्हणजे ग्लुकोजचं सलाइन लगेच सुरू हवं. रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेलं सलाइन) नको. प्लेटलेटची संख्या ठीक असली तरी यांचं रक्त लवकर थांबत नाही, तेही विचारा.

सावली_७
लावते फोन. पण माउथवॉशचं कोणीच सांगितलं नाही.

टाकसाळ
बिनअल्कोहोलचा. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) लिहून दिलं तर सांगतील तेवढेच दिवस, दातांवर तपकिरी डाग पडतात. त्याला थुंकता येतं ना नीट?