ट्रंकेत निघालेली लुगडी, इरकल, पैठणी: काय धुवायचं, काय कापायचं?

गिरगाव_चाळ
नमस्कार मंडळी. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना पत्र्याच्या ट्रंकेत सहा सुती नऊवारी लुगडी, एक इरकल, घडीवर चिरलेली एक पैठणी, खणाचे बरेच तुकडे आणि जड झालेलं हातशिलाई मशीन निघालं. लुगड्यांना कुबट वास आहे आणि काहींवर तांबूस डाग. बोहारणीला द्यायची इच्छा नाही. लुगड्यांची गोधडी आणि पैठणीचे उशांचे अभ्रे करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

काठपदर
कात्री शेवटी. आधी प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण द्या. धागे सरकले तर ते कापड वरच्या थराला चालणार नाही, गोधडीच्या आत जाईल.

मग धाग्याची परीक्षा. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सूत जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी गोळी बोटांत चुरडते. पॉलिस्टरची गोळी कडक राहते. इरकलच्या पदराची परीक्षा वेगळी करा. इरकलीत अंगाचा ताणा (लांबीचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळा असतो, दोन्ही धागे फासे घालून जोडलेले असतात. अंग सुती निघालं तरी पदर बऱ्याचदा आर्ट सिल्कचा, म्हणजे रेयॉनचा असतो. त्यालाही कागदाचाच वास येतो, म्हणून सूत समजून फसायला होतं. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. पदर पिळला तर नेमका जोडावर सुटतो.

रंग जातो का ते धुण्याआधीच बघा. पांढरं सुती फडकं ओलं करून कोपऱ्यावर पाच मिनिटं दाबून ठेवा. इरकलचा लाल पदर हमखास रंग सोडतो. तसं झालं तर इरकल पाण्यात घालू नका, सावलीत वारा द्या आणि मऊ ब्रशने झटका.

सुती लुगड्यांसाठी ८-१० रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. तो अर्क बादलीभर साध्या पाण्यात घाला. एका वेळी एकच लुगडं, पंधरा-वीस मिनिटं. घासायचं नाही, फक्त वर-खाली दाबायचं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघेल. जुनी खळ आणि धूळ सुटत असते, घाबरू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. ओलं लुगडं दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने विरलेल्या जागी फाटतं. गच्चीत पांढऱ्या चादरीवर पसरा.

तांबूस डाग बहुतेक ट्रंकेच्या गंजाचे असणार. पांढऱ्या सुतावर लिंबू आणि मीठ लावा, तासाभराने भरपूर पाण्याने धुवा. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा. क्लोरीनचं ब्लीच कुठेच नको. गंजाचा डाग त्याने पक्का होतो आणि रेशीम तर अक्षरशः विरघळतं.

पैठणीचे अभ्रे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घडीवर चिरलेलं रेशीम आतून कोरडं पडलेलं असतं, रोजच्या घर्षणात वर्षभरही टिकणार नाही.

धावदोरा
गोधडीचा हिशेब सांगते. नऊ वार म्हणजे २७ फूट, रुंदी साधारण ४५ इंच. सव्वासात फुटांचे तीन तुकडे काढले की पदराकडचे पाच फूट उरतात. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची तीन थरांची गोधडी बसते, जोड न देता, आणि दोन्ही बाजूंना काठ आपोआप येतो. मुंबईच्या हवेला तीन थर भरपूर. चौथा घातला तर सुई जात नाही आणि पावसाळ्यात गोधडी वाळत नाही.

आतला थर नव्या मांजरपाटाचा घेणार असाल तर आधी गरम पाण्यातून काढा. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं नंतर आटतं आणि सगळी गोधडी चुणते.

थर जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. मधून कडेकडे एकेका वितेवर लांब कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली की शेवटी मधोमध फुगा येतो आणि अर्धं काम उसवावं लागतं. मग कडा आत दुमडून एका कडेपासून धावदोरा सुरू करा. ओळींत एक इंच अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुमारे ४४ ओळी होतात, १२० मीटर दोरा धरा. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला कापतो, कापड विरतं आणि दोरा तसाच राहतो. एका वेळी हातभरच दोरा ओवा, लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी होतात.

खणाचे तुकडे गोधडीत वापरू नका, त्यांचा पोत वेगळा आहे आणि रंगही जाऊ शकतो. त्यांच्या चंच्या किंवा वहीची कव्हरं करा. मागे टू बाय टू रुबियाचं अस्तर द्या. मंगलदास मार्केटमध्ये रुबियाचे सगळे रंग मिळतात.

भुलेश्वर_लेस
पैठणीला इस्त्रीचं फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं गोंदाचं अस्तर) लावलं तर कापड उभं राहतं. पर्सेस तशाच करतात.

काठपदर
@भुलेश्वर_लेस नव्या सेमी पैठणीला ठीक आहे. जुन्या रेशमात तो गोंद शिरला की परत निघत नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने चीर वाढते. अंग पूर्ण गेलं असेल तर काठ आणि पदर वेगळे करा. चिरेपासून बोटभर आतून कापा आणि मलमलीवर रेशमी धाग्याने हाताने टाचा. जरीतून सुई घालू नका, जरीच्या कडेने घाला. मग नव्या कापडावर बसवताना टाके फक्त मलमलीत घ्या, म्हणजे उद्या काठ अख्खा सोडवता येईल.

जरीची तार काळी पडली असेल तर ती चांदीची असू शकते. चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर काहीही लावू नका, वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो. जरीची तार गाळायला विकत घेणारे वजनावर भाव सांगतील. त्यात विणकामाची किंमत शून्य धरलेली असते. पैठणी फार जुनी वाटत असेल तर कापण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात विचारा.

उभा_दांडा
मशीनबद्दल. ते बहुतेक सुकलेल्या तेलाने जड झालंय. चाक जोर लावून फिरवू नका. सगळ्या तेलाच्या भोकांत रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, मग चाक हळूहळू पुढे-मागे करा. काळा चिकटा फडक्याने पुसा आणि नंतरच मशीनचं तेल घाला. खोबरेल कधीच नाही, ते घट्ट होऊन पुन्हा तीच गत होते. सिंगर असेल तर पाटावरच्या नंबरावरून साल कळतं. जुन्या लुगड्यावर ११ नंबरची नवी सुई लावा. १६ नंबरची सुई धागा बाजूला सारण्याऐवजी तोडते.

गिरगाव_चाळ
खूप आभार. पैठणी कापत नाही. सध्या ठेवू कशी? पावसाळा तोंडावर आहे.

काठपदर
धुतलेल्या मलमलीत, प्लास्टिकमध्ये नाही. घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी मलमल गुंडाळा, मग पैठणी, जरीची बाजू बाहेर ठेवून. डांबराच्या गोळ्या वेगळ्या पुरचुंडीत, जरीला न लागता. सोबत कापूर ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की पाझरतात आणि डाग पडतो. लुगड्यांना खळ घालून ठेवू नका, कसर खळीसाठीच येते. ट्रंक मात्र बदला, आतून गंज धरलेला असेल तर डाग परत येतील.