नगरसेवक नसला की कोणाचं अडतं?
"नगरसेवक हवेत कशाला, प्रशासक बरा" हे सोसायटीत राहणाऱ्याला पटेलही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकानेच, म्हणजे आयुक्तांनीच, हाकला. टॉवरवाल्यांचं काय अडलं? टँकर मागवता येतो. वस्तीत मात्र पहाटेचं पाणी करंगळीएवढ्या धारेने आलं, तर हंडा घेऊन उभ्या बाईने कामावर जायच्या आधी गाठायचं कोणाला? वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. नगरसेवक निदान संध्याकाळी शाखेत सापडायचा, शिव्या खायचा आणि पाणी खात्यातल्या इंजिनिअरला तिथूनच फोन लावायचा. टक्केवारी खाल्ल्याचे आरोप होतात हे खरंच (पक्ष कुठलाही असो), पण मतं मागायला त्याच गल्लीत परत यावं लागतं. आयुक्तांना ती भीती नाही.