मदत हवी आहे: भागीदारी संस्थेच्या नावात ‘आर्किटेक्ट्स’ लावता येईल का?

मी नोंदणीकृत वास्तुविशारद असून स्थापत्य अभियंता असलेल्या मित्रासह नाशिकमध्ये भागीदारी संस्था सुरू करत आहे. नकाशांवर माझीच सही व नोंदणी क्रमांक राहील, त्यामुळे महापालिकेच्या मंजुरीचा प्रश्न नाही. अडचण पाटी आणि लेटरहेडची आहे. वास्तुविशारद अधिनियम, 1972 चे कलम 37 मी वाचले. ते व्यवसायावर नव्हे, तर ‘आर्किटेक्ट’ या पदनामाच्या वापरावर बंधन घालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. सीएंचा सल्ला भागीदारी करारापुरताच मिळाला. मित्राला पगारी नोकर म्हणून दाखवणे मला योग्य वाटत नाही. एक भागीदार नोंदणीकृत नसताना संस्थेच्या नावात ‘आर्किटेक्ट्स’ चालते का, की ते पद फक्त माझ्या नावापुढेच लिहावे?