अण्णांसाठी कॅप्शनवाला फोन घ्यावा का? (न्यू जर्सी)

एडिसनकर:
नमस्कार मंडळी. वडील (वय ७६) आता कायमचे आमच्याकडे एडिसनला आलेत. दोन्ही कानांना मशीन आहे. समोर बसून बोललं की बरंच कळतं, फोनवर मात्र सगळी बोंब. फार्मसीचा फोन आला की तो माझ्या नाहीतर बायकोच्या हातात येतो, आणि अण्णा बाजूला उभे राहून आमच्या तोंडाकडे बघत बसतात. ऑडिओलॉजिस्टने कॅप्शन फोनचं माहितीपत्रक दिलंय. समोरचा बोलतो ते स्क्रीनवर उमटतं म्हणे, आणि सगळं फुकट. या देशात फुकट म्हटलं की मला आधी धडकी भरते. यात काही गौडबंगाल आहे का? आणि कराडला काकांशी मराठीत बोलताना चालेल का? रोज सकाळी चहा झाला की अण्णा त्यांना फोन लावतात, आणि निम्मा वेळ "काय म्हणालास?" यातच जातो.

रिलेवाली:
मी एका रिले सेंटरमध्ये (ऐकायला-बोलायला अडचण असलेल्यांचे फोन मध्ये बसून पोचवतात ती सेवा) नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फुकटचं. १९९० च्या एडीए (अपंगांच्या हक्कांच्या) कायद्याने फोन कंपन्यांना रिलेची सोय देणं बंधनकारक केलं, कॅप्शन फोन हा त्यातलाच प्रकार. खर्च एका फंडातून होतो, त्यात कंपन्या पैसे भरतात आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलातून काढतात. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं भरतच आलाय, घ्या बिनधास्त. कॅप्शन देणाऱ्या कंपनीला मिनिटामागे पैसे मिळतात, म्हणून ही माहितीपत्रकं दवाखान्यात एवढी दिसतात. नोंदणी करताना जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे मागतील, तो नियमच आहे. मात्र फोन तुम्ही करा. कोणी आपणहून फोन करून हे आकडे विचारले तर सरळ ठेवून द्या. नोंदणी अण्णांच्या नावावर होईल. ज्याला नीट ऐकू येतं त्याने कॅप्शन चालू ठेवून बोलायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा वहिनींनी तो फोन घेतला तर कॅप्शन बंद.

मराठी बहुधा नाही, कंपनीला विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि स्पॅनिशच.

आमचं काम जुन्या पद्धतीचं होतं. ७११ लावला की आम्ही. बहिरा माणूस टाइप करायचा, मी ते समोरच्याला वाचून दाखवायचे, समोरचा बोलेल ते टाइप करायचे. निम्मी शक्ती समोरच्याने फोन ठेवू नये यातच जायची. "रिले सर्व्हिसमधून बोलतेय" एवढं म्हणेपर्यंत "आम्हाला काही घ्यायचं नाही" आणि खट्! पुन्हा लावा. खरं तर दुकानं, दवाखाने यांनी रिलेचा फोन इतर फोनसारखाच घ्यायचा असा नियम आहे, पण काउंटरवरच्या पोराला तो कोण सांगणार?

आणि शब्द न् शब्द जसाच्या तसा. शिवी आली तर शिवी वाचायची, गुळमुळीत करून नाही. माझ्या माहेरी 'गाढवा'च्या पुढे कोणी गेलं नव्हतं, सुरुवातीला कान लाल व्हायचे. मागे कुत्रा भुंकला तर तेही टाइप करायचं. कोणाच्या कॉलमध्ये काय झालं हे बाहेर सांगायला बंदी आहे, त्यामुळे किस्से मागू नका.

कॅप्शन फोनमध्ये आमच्यासारखा ऑपरेटर मध्ये बोलत नाही. अण्णा स्वतःच्या आवाजात बोलतील, समोरच्याचा आवाजही ऐकू येईल, शिवाय खाली अक्षरं. अक्षरं काही सेकंद मागून येतात. ती थांबली की मगच बोलायचं, एवढं अण्णांना घोटवून घ्या. नाहीतर दोघं एकदम बोलतात. आडनावांचं भजं होतं, 'कुलकर्णी'चं 'कूल कार्नी' होणारच. औषधाचं नाव आणि डोस मात्र "परत सांगा, स्पेलिंग सांगा" म्हणून पक्कं करायचं.

एक आगाऊपणा करते. फोन घेतल्यावर फार्मसीची रिंग वाजली की तुम्ही धावू नका. दोन-चार कॉल अडखळतील, अडखळू देत.

पुणेरी_टोमणा:
मराठीसाठी गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब. अँड्रॉइडवर फुकट, त्यात मराठी भाषा निवडता येते. आईसाठी आम्ही असं करतो: व्हॉट्सअ‍ॅप कॉल एका फोनवर, स्पीकर चालू, शेजारी टॅबलेटवर हे अ‍ॅप आणि अक्षर मोठं. टीव्ही बंद हवा, नाहीतर मालिकेतल्या सासूबाईही स्क्रीनवर येतात. काका जर "आलतो, गेलतो" बोलत असतील तर थोडी गंमत होईल. ७११ सारखं काही इथे भारतात असतं तर टॅबलेटची कसरत कशाला केली असती?

एडिसनकर:
रिलेवाली, मनापासून आभार. 'धावू नका' हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे तुझ्यासाठीच लिहिलंय. टोमणाराव, टॅबलेटवर करून पाहिलं. काका "औंदा ऊस बरा हाय" म्हणाले, स्क्रीनवर 'अंदाज उशीरा आहे' आलं. अण्णा खो खो हसले आणि तेच काकांना वाचून दाखवलं.

ह्यूस्टनची_चिमणी:
मध्येच घुसते. माझ्या नणंदेच्या यजमानांना पक्षाघातानंतर ऐकू सगळं येतं, पण उच्चार जड झालेत. इंग्रजी उत्तम. फोनवर लोकांना वाटतं प्यायलेत. त्यांच्यासाठी काही?

रिलेवाली:
आहे, आणि याची माहिती फार कमी लोकांना असते. ७११ लावून 'स्पीच टू स्पीच' मागायचं. अशा उच्चारांची सवय असलेला ऑपरेटर त्यांचं ऐकतो आणि तेच शब्द समोरच्याला स्पष्ट म्हणून दाखवतो. नुसतं कठीण वाक्य तेवढं त्याने म्हणावं, असंही सांगता येतं. मध्येच ऑपरेटर बदलला तर पुन्हा सवय होईपर्यंत पंचाईत, म्हणून एकाने किमान २० मिनिटं कॉलवर राहायचं असा नियम आहे. कोणाला आणि कशासाठी फोन करायचाय ते आधीच सांगून ठेवलं तर काम सोपं होतं. यालाही पैसे नाहीत.

दोघांनाही एक: इमर्जन्सीत ७११ च्या वाटेला जाऊ नका, ९११ थेट लावा. ९११ ला टेक्स्ट मेसेज सगळीकडे घेत नाहीत, तुमच्या काउंटीत घेतात का ते आत्ताच विचारून ठेवा.