मदत हवी आहे: तीन गाणी, ठेका एकच, तरी टाळ्या जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी टोरांटोत असतो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात पोरांचा सहा मिनिटांचा नाच आहे आणि गाणी जोडायचं काम (नाचता येत नाही म्हणून) माझ्या गळ्यात पडलंय. पोरांनी निवडली शॉन पॉलचं 'गेट बिझी', वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' आणि लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू'. ऐकायला बसलो तर तिन्हींच्या मागे त्याच टाळ्या! म्हटलं, कुणीतरी कुणाचं तरी ढापलेलं दिसतंय. ऑफिसातल्या जमैकन मित्राला ऐकवलं तर तो हसून म्हणाला, "दिवाली!" मला वाटलं शुभेच्छा देतोय, तेही ऑगस्टमध्ये.

तर ही भानगड काय आहे? आणि दुसरं, ऑडॅसिटीत (गाणी कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) एका गाण्यावर दुसरं चढवलं की थोड्या वेळाने दोन लेझीम पथकं शेजारी शेजारी वाजल्यासारखी वाटतात. वेग तिन्हींचा मिनिटाला 100 ठोक्यांच्या आसपास आहे. शनिवारी पहिली तालीम. वाचवा.

ठेकेदार:
ढापाढापी नाही हो. जमैकात याला रिडिम म्हणतात. आधी ठेका आणि बास तयार होतो, मग त्याच्यावर ज्याने त्याने आपलं गाणं रचायचं. तुमच्या रिडिमचं नावच 'दिवाली'. जमैकन संगीतकार स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनची करामत. 2002 साली लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज या रेकॉर्ड कंपनीने या एकाच रिडिमवर अख्खा अल्बम काढला, गायक वेगवेगळे आणि मागे याच टाळ्या. 'गेट बिझी' 2003 मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं. लुमिडी तर न्यूयॉर्कची, म्हणजे ठेका कुठवर पोचला बघा. आपल्याकडे एका चालीवर दहा आरत्या म्हणतात, पण इथे चालसुद्धा गायकाची स्वतःची असते.

सोलकढी:
भर घालते. तिकडे 'डीजे' म्हणजे माईकवर लयीत बोलणारा, शॉन पॉलसारखा. तबकड्या लावतो तो 'सिलेक्टर'. एकाच रिडिमवरची गाणी एकामागून एक लावणं याला म्हणतात 'जगलिंग'. तुम्ही नकळत तेच करताय.

आडताल:
'आसपास' चालणार नाही! एक गाणं 100 वर आणि दुसरं 101 वर असेल तर अर्ध्या मिनिटात अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो. म्हणूनच सुरुवातीला बरं वाटतं आणि मग पथकं भांडायला लागतात. ऑडॅसिटीतलं 'चेंज टेम्पो' वापरून वेग सारखा करा, त्याने पट्टी बदलत नाही. आणि टाळी बघून कापू नका, या टाळ्या आड पडतात, कान फसतो. चार-चार मात्रा मोजा आणि जिथे नवीन आवर्तन सुरू होतं तिथेच कापा. गाण्यावर गाणं तर अजिबात चढवू नका. जमैकन सिंगलच्या (एका गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूला बहुतेक वेळा बिनगाण्याचा रिडिम असायचा, त्याला 'व्हर्जन' म्हणतात. तो मिळाला तर मध्ये आठ आवर्तनं घाला, पोरांना जागा बदलायला वेळही मिळेल.

धागाकर्ता:
आडतालराव, साष्टांग! माझ्याकडची एक फाईल खरंच किंचित पुढे पळत होती. ओढली, मात्रा मोजून कापली, आणि मोठ्या आवाजात लावली. चौथ्या मिनिटाला बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, अजून तेच गाणं चालू आहे का?"

तोवर दोन सांधे होऊन गेले होते.